पाऊस रिकामा परतू नये

सामान्य काळातील पंधरावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यशया ५५:१०-११, स्तोत्र ६५, रोमकरांस ८:१८-२३, मत्तय १३:१-२३



मृग सरला, आर्द्राही सरला. वाड्यांत पाणी उभे आहे, वाटा निसरड्या झाल्या आहेत आणि रविवारच्या मिस्साला येताना प्रत्येकाच्या हातात छत्री आहे. नेमक्या याच दिवसांत ख्रिस्तसभेने आपल्यापुढे पाऊस, बी आणि जमीन यांची वाचने ठेवली आहेत. यशया संदेष्टा सांगतो की आकाशातून उतरलेला पाऊस भूमीला भिजवल्याशिवाय, तिच्यातून अंकुर काढल्याशिवाय माघारी जात नाही. देवाचे वचनही तसेच आपले काम करूनच परतते. स्तोत्रकर्ता देवाची स्तुती करतो, कारण तो भूमीची भेट घेतो आणि सरींनी तिची ढेकळे मऊ करतो. शुभवर्तमानात प्रभू येशू नावेत बसून काठावरच्या लोकांना पेरणाऱ्याचा दाखला सांगतो.

या दाखल्यात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. पेरणारा एकच आहे. बी एकच आहे. वरून पडणारा पाऊसही सगळीकडे सारखाच. फरक आहे तो जमिनीचा. कुठे बी पाखरांनी टिपले, कुठे ते उन्हाने करपले, कुठे काट्यांनी दाबले आणि कुठे शंभरपट, साठपट, तीसपट पीक आले. म्हणून आज आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या : देवाने दिलेला पाऊस स्वीकारणारी जमीन आपण आपल्या गावात शिल्लक ठेवली आहे का?

पाऊस कुठे जातो?

वसईत वर्षाकाठी साधारण २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा आकडा कानाला कोरडा वाटतो, म्हणून तो आपल्या भाषेत मांडू या. एका गुंठ्यावर २००० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी. १०,००० लिटरचा टँकर धरला तर २० टँकर. एवढे पाणी देव दर वर्षी प्रत्येक गुंठ्यावर ओततो. त्याचे बिल येत नाही. तरीही एप्रिल-मे महिना आला की आपल्याकडे टँकरच्या फेऱ्या सुरू होतात आणि कुणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले याच्या गोष्टी कानावर येतात.

हे कसे होते, ते आपल्या वाडवडिलांना शाळेत न जाता कळत होते. वसईचा पश्चिम पट्टा समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये आहे. जमीन रेताड. तिच्या पोटात खोलवर खारे पाणी आहे. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून मुरल्यावर ते त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जितके मुरेल तितका गोड्या पाण्याचा थर जाड. थर जाड असला की तो खाऱ्याला खाली दाबून ठेवतो. मुरणे कमी झाले आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला फार काळ लागतो.

म्हणून पूर्वजांनी वाडीला लागून बावखले खोदली. बावखल म्हणजे केवळ खड्डा नव्हे. पावसाचे वाहते पाणी आधी तिथे येऊन थांबायचे, तिथून हळूहळू जमिनीत मुरायचे आणि शेजारच्या विहिरीला जाऊन मिळायचे. त्यावर रहाट चालायचा, पाटाने पाणी वाडीत जायचे. केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला यांचे मळे त्याच पाण्यावर उभे राहिले. वसईची सुकेळी ज्या केळ्यांची होतात, त्या केळीही याच पाण्यावर पोसल्या. उन्हाळ्यात बावखलाचा गाळ काढून वाडीत टाकला की खताचे काम व्हायचे. काठावर उंबर, करंज, भेंड अशी झाडे असायची. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवला आणि सावलीने पाणी आटू दिले नाही. झाड आणि पाणी हे दोन वेगळे विषय नव्हते. एकमेकांच्या आधाराने ते टिकत होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे फुगली आणि वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली इथली माणसे रस्त्यावर आली. त्या चळवळीचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. पाणी आणि झाडे यांच्यासाठी उभे राहणे हा धर्मगुरूच्या सेवेचाच भाग आहे, हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिले. त्यांच्या आत्म्याला शांती मिळो अशी प्रार्थना आपण करतोच; परंतु ज्या पाण्यासाठी ते झटले ते पाणी राखणे ही त्यांच्या स्मृतीला त्याहून खरी आदरांजली ठरेल.

वाट, खडक आणि काटे

प्रभू येशूने सांगितलेल्या तीन नापीक जमिनी आपल्या गावात शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पहिली जमीन वाटेची. सतत तुडवली गेल्याने ती कठीण झाली आहे. बी आत जात नाही. आज आपल्या अंगणांत, पाणंदीत, सोसायट्यांच्या आवारात काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक बसले आहेत. चिखल होत नाही, गाडी लावता येते, लग्नाचा मांडव घालता येतो. सोय नक्कीच झाली. पण त्या अंगणावर पडणारे पाणी आत जाऊ शकत नाही. ते गटारात जाते, गटारातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. यशयाने सांगितलेला पाऊस भूमीला भिजवल्याशिवाय परतत नाही. इथे मात्र तो परततो आहे. हा प्रश्न चर्चच्या आवारालाही विचारला पाहिजे. देवाच्या घरासमोर पडलेला पाऊस देवाच्याच भूमीत मुरावा, ही अपेक्षा वावगी नाही.

दुसरी जमीन खडकाळ. वर थोडीशी माती, खाली दगड. अंकुर लगेच येतो, आणि मूळ नसल्यामुळे लगेच वाळतो. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव साजरा होतो. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना १९५० साली ही प्रथा सुरू झाली. उद्देश उत्तम. परंतु अनेक ठिकाणी रोप लावण्याचा उत्साह फोटोपुरता असतो. हार, भाषण, टाळ्या, आणि पुढच्या मार्चमध्ये त्या जागी वाळलेली काटकी. प्रभूने अशाच माणसाचे वर्णन केले आहे : वचन आनंदाने स्वीकारतो, पण अडचणीचे ऊन लागले की मागे फिरतो. मूळ धरलेले नसते.

तिसरी जमीन काट्यांची. प्रभू स्वतःच तिचा अर्थ सांगतो : संसाराची चिंता आणि संपत्तीचा मोह वचनाला दाबून टाकतात. बंधू-भगिनींनो, इथे आपल्याला जरा थांबावे लागेल, कारण हा काटा आपल्या पायात आहे. वाडी पिकवणे परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, भावाभावांत वाटण्या झाल्या, मुलाला वेगळे घर हवे, मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा. या चिंता खऱ्या आहेत; त्यांना कुणी लोभ म्हणू नये. पण याच चिंतेच्या क्षणी कुणीतरी येऊन सांगतो, “हे बावखल कशाला ठेवलेय? डास होतात, पोरे पडतील. दोन डंपर भराव टाका, जागा मोकळी होईल.” आणि ज्या तळ्याने तीन-चार पिढ्या पोसल्या ते आठवड्याभरात जमीनदोस्त होते. वर सिमेंट पडते. पुढच्या पावसात शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरते आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्याच विहिरीला तळ दिसतो.

बावखल ज्याच्या सातबाऱ्यावर असते त्याचे ते असते, हे खरे. परंतु त्यातले मुरलेले पाणी कुणाच्या कुंपणापाशी थांबत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीत जाते. म्हणून बावखल बुजवणे हा घरगुती निर्णय राहत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा इथे अगदी शब्दशः लागू पडते.

इसहाकाच्या विहिरी

पवित्र शास्त्रात बुजवलेल्या पाण्याची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाक गराराच्या प्रदेशात राहायला जातो. तिथे तो पेरणी करतो आणि देवाच्या आशीर्वादाने त्याला शंभरपट पीक येते. शंभरपट! आजच्या शुभवर्तमानातलाच हा आकडा. त्याची भरभराट पाहून पलिष्टी लोकांना हेवा वाटतो. त्याच्या बापाच्या, म्हणजे अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी ते मातीने बुजवून टाकतात.

विचार करा, विहीर बुजवून पलिष्ट्यांच्या हाती काय लागले? ते पाणी त्यांनाही मिळाले नाही. त्यांची गुरेही तहानलेली राहिली असतील. हेव्यातून आणि हव्यासातून होणारे नुकसान असेच असते. ते करणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही.

इसहाक काय करतो? तो लढाई करीत नाही. रडत बसत नाही. तो बापाच्या विहिरी पुन्हा उपसतो. शास्त्र आणखी एक बारीक गोष्ट नोंदवते : बापाने त्या विहिरींना जी नावे दिली होती तीच नावे तो पुन्हा देतो. त्यानंतर त्याचे चाकर नव्या विहिरी खणतात. पहिल्या विहिरीवरून भांडण होते. तिचे नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरीवरूनही वाद होतो. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवरून कुणी भांडत नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. परमेश्वराने आपल्याला जागा दिली, असे इसहाक म्हणतो.

आज आपल्या प्रत्येक गावात एखादी एसेक आहे, एखादी सितना आहे. भावकीच्या वादात अडकलेले, कचरा टाकून निम्मे भरलेले, जलपर्णीने झाकलेले बावखल. अशा जागेची रहोबोथ करणे आपल्या हातात आहे. गेल्या काही वर्षांत वसईतल्या काही गावांत तरुणांनी ते करून दाखवले आहे. सुट्टीच्या दिवशी बावखलात उतरून त्यांनी जलपर्णी ओढून काढली, प्लास्टिक वेचले, गाळ उपसला. मोबाइलच्या पिढीला नावे ठेवणाऱ्यांनी ते गुडघाभर चिखलातले पाय आठवावेत. बापाच्या विहिरी पुन्हा उपसणारे ते आजचे इसहाक आहेत.

कण्हणारी सृष्टी

दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि देवाच्या लेकरांच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहे. सृष्टी आपली वाट पाहते आहे! तिला आपल्याकडून आशा आहे. देवाची मुले म्हणवणारे लोक कधीतरी देवाच्या मुलांसारखे वागतील, ही ती आशा.

हे कण्हणे ऐकायचे असेल तर ओहोटीच्या वेळी खाडीकाठी जावे. नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा इथल्या आपल्या कोळी बांधवांना विचारावे. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. कोळंबी, चिंबोरी, निवटी यांना तिथेच आसरा मिळतो. भरतीचा जोर तिवरे अंगावर घेतात आणि काठ खचू देत नाहीत. ज्याला कुणी ‘पडीक खाजण’ म्हणतो ते कुणाचे तरी ताट असते. त्या चिखलावर भराव पडला की पहिला घास कोळणीच्या पाटीतला जातो.

मिठागरे आणि खाजणे यांचे आणखी एक काम आहे. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की जास्तीचे पाणी पसरायला जागा लागते. ती जागा या सखल जमिनींची. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागराच्या वस्तीतली शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. पाणी माणसावर रागावत नाही. त्याची नेहमीची जागा आपण घेतली तर ते आपल्या जागेत येते, इतकेच.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ पासून त्यात आहे. आपल्या शेजारच्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्णय दिला. म्हणजे तिवरांच्या पाठीशी कायदा उभा आहे. तिथे भराव पडताना दिसला तर तहसीलदार, वनविभाग किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करणे हा आपला हक्क आहे.

पण बावखलांचे काय? केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी माणसाने तयार केलेले पाणीसाठे आणि मिठागरे वगळली आहेत. पूर्वजांच्या हातांनी खोदलेल्या आपल्या बावखलाला या नियमांचे कवच नाही. त्याचा शेवटचा रखवालदार म्हणजे त्याच्या काठावर राहणारे कुटुंब. जिथे कायदा हात टेकतो तिथे सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते. परमेश्वराने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला (उत्पत्ती २:१५). मशागत आपल्याला समजते. राखण हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणप्रेमींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध करून सृष्टीचे रक्षण हे ख्रिस्ती जीवनाचे अविभाज्य अंग असल्याचे शिकवले आणि प्रत्येकाला पर्यावरणीय हृदयपरिवर्तनाची हाक दिली. एप्रिल २०२५ मध्ये ते देवाघरी गेले. त्यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे यांनी ९ जुलै २०२५ रोजी कास्तेल गान्दोल्फो येथे सृष्टीच्या रक्षणासाठीच्या नव्या प्रार्थनांसह मिस्साबलिदान अर्पण केले. ज्या वेदीवर आपण भाकर आणि द्राक्षारस ठेवतो ती दोन्ही जमीन आणि पाणी यांचीच देणगी आहे. ज्या पाण्याने आपला स्नानसंस्कार झाला ते पाणीही कुठल्यातरी विहिरीचे होते.

माळ्याने मागितलेले एक वर्ष

आता झाडांकडे वळू या. लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आहे. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी विनवतो, आणखी एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. रोप लावणाऱ्या प्रत्येकाने हा माळी डोळ्यांपुढे ठेवावा. झाडे लावणारे पुष्कळ असतात; हातात कुदळ घेऊन आणखी एक वर्ष मागणारा विरळा.

रोप कुठले लावावे? जे इथल्या मातीला आणि खाऱ्या वाऱ्याला ओळखते ते. गुलमोहर मादागास्करचा, फुलला की सुंदर दिसतो, पण फांद्या ठिसूळ. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावर किती झाडे आडवी केली ते आपण पाहिले आहे. किनारपट्टीला उंडी, करंज, भेंड मानवतात. घराजवळ जांभूळ, फणस, आंबा, बकुळ. मोकळ्या जागी वड, चिंच. आणि पाण्याच्या काठी उंबर. जक्कय प्रभूला पाहण्यासाठी ज्या झाडावर चढला त्याला मराठी पवित्र शास्त्रात उंबरच म्हटले आहे. बुटक्या माणसाला प्रभूचे दर्शन घडवणारे झाड आपल्या बावखलाच्या काठी असावे, यात औचित्य आहे.

रोप कुठे लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. भराव टाकून बुजवलेल्या पाणथळीवर शंभर रोपे लावली तरी ते संवर्धन होत नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखलही रिकामा नसतो. किनाऱ्यावरचे पक्षी त्यावरच पोट भरतात. तिथे हौसेने काहीही लावू नये. तिवरांना बहुतेक वेळा आपल्या हाताची गरज नसते. भरतीच्या पाण्याचा अडलेला मार्ग मोकळा केला की त्यांचे बी पाण्याबरोबर येते आणि स्वतःच रुजते. काही ठिकाणी देवाच्या पेरणीच्या आड न येणे हीच आपली सेवा असते.

लावल्यानंतर काय? जमीन चांगली भिजल्यावर रोप लावावे. आळे करावे, पालापाचोळा पसरावा, गुरा-बकऱ्यांपासून कुंपण करावे. आणि किमान दोन उन्हाळे पाणी घालावे. बुडाशी बारीक छिद्र असलेले मडके रोपाजवळ पुरून भरून ठेवले तर थोड्या पाण्यात काम भागते. हे काम पुष्कळदा घरातली आजी न सांगता करते. तांदूळ धुतलेले पाणी ती रोपाला घालते. अशा आजीपाशी पोरांनी बसावे. धर्मशिक्षणाचा तोही एक तास आहे.

आपण काय करू या?

आजच्या प्रवचनाचा शेवट केवळ भावनेत होऊ नये, म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

एक : प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील बावखले, तळी आणि जुन्या विहिरी यांची यादी करावी. म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची जुनी नावे लिहून ठेवावीत. इसहाकानेही जुनी नावे जपली. नाव असलेली गोष्ट बुजवताना हात थोडा थबकतो.

दोन : ज्या कुटुंबाकडे बावखल आहे आणि जे विकण्याच्या किंवा भरण्याच्या विचारात आहे, त्याला दोष देऊ नये. त्याच्याशी बोलावे. गाळ काढण्याचा खर्च आणि श्रम गावाने वाटून घ्यावेत. राखणीचे ओझे एकट्या घरावर टाकायचे आणि पाणी मात्र सगळ्यांनी प्यायचे, हा न्याय नव्हे.

तीन : नवे अंगण करताना निदान एक पट्टा मातीचा सोडावा. छपराच्या पागोळ्यांचे पाणी पन्हळीने शोषखड्ड्यात किंवा विहिरीत गाळून सोडावे. एक गुंठा छप्पर म्हणजे २० टँकर, हे विसरू नये.

चार : पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न किंवा घरातल्या कुणाचे निधन, अशा प्रसंगी एक झाड लावावे आणि त्याची जबाबदारी एका माणसाच्या नावे करावी. कबरीवरची फुले दोन दिवसांत सुकतात. आजोबांच्या नावाचे जांभूळ नातवंडांना सावली देईल.

पाच : पुढच्या वर्षी वनमहोत्सव येईल तेव्हा नवी रोपे वाटण्याआधी यंदाची मोजावीत. किती लावली हे कुणीही सांगेल. किती जगली, हे प्रभू विचारतो.

बंधू-भगिनींनो, आजच्या दाखल्यात चांगल्या जमिनीलाही एकसारखे पीक आले नाही; कुठे शंभरपट, कुठे साठपट, कुठे तीसपट. प्रभूने तीसपटवाल्याला कमी लेखले नाही. कुणी अख्खे बावखल वाचवील, कुणी एक उंबर जगवील, कुणी अंगणातले दोन हात सिमेंट उखडील. प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे द्यावे. चांगली जमीन म्हणजे जी पाऊस आत घेते आणि बी धरून ठेवते. आपले अंतःकरण तसे असावे आणि आपले गावही.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तू आमच्या भूमीची भेट घेतोस आणि तिला भिजवतोस. तुझा पाऊस आमच्या दारातून रिकामा परतू नये, असे आम्हांला वागू दे. आमच्या पूर्वजांनी खोदलेले पाणी राखण्याची बुद्धी आम्हांला दे. ज्यांना चिंतेपायी जमीन सोडावी लागते त्यांना आधार दे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे मन आम्हांला दे. खाडीवर पोट भरणाऱ्यांचे, मिठागरात राबणाऱ्यांचे, वाडी कसणाऱ्यांचे रक्षण कर. आम्ही लावलेल्या रोपांना मूळ धरू दे आणि तुझ्या वचनाला आमच्या अंतःकरणात. हे आम्ही आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.